भिंतीवरचा बुधवार : कलामहाविद्यालयातली पोरं एकमेकांकडून शिकतात, त्याने काम मिळतं का?

गेरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कलामहाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. उपयोजित कला, तिसरं वर्ष. वर्गात २२ पोरंपोरी, त्यांतल्या ७ जणांकडे स्वतःचा लॅपटॉप. परवा एका पालकांनी मला गेटवरच गाठलं. म्हणाले, "सर, पोरगं सांगतं बुधवारी तुम्ही शिकवतच नाही, पोरंच पोरांना शिकवतात. मग फी कशाची भरतो आम्ही?" मी काहीतरी पुटपुटलो आणि गाडीला किक मारली. पण प्रश्न बांभोरीचा पूल ओलांडला तरी डोक्यातून जाईना. म्हणून इथे टाकतोय.

आधी बुधवार म्हणजे काय ते सांगतो. शेवटचे दोन तास आम्ही भिंतीला देतो. ज्याचं जेवढं काम झालंय तेवढं, अर्धवट का असेना, टाचण्यांनी भिंतीवर लावायचं. ज्याचं काम आहे त्याने पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी फक्त दिसतंय ते सांगायचं. "छान आहे" आणि "नाही आवडलं" या दोन वाक्यांना बंदी. "आधी नजर पिवळ्यावर गेली, मग किमतीवर, नाव शेवटी वाचलं" असं काहीतरी बोलायचं. मग काम करणारा बोलणार. शेवटी प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्यायचा. मी मागच्या बाकावर, माझा नंबर सगळ्यांच्या नंतर.

एक नमुना सांगतो. रावेरकडच्या एका केळी निर्यात करणाऱ्या माणसाला १३ किलोच्या पेटीसाठी चित्र हवं होतं. खरं काम, खरे पैसे, थोडे का होईना. आमच्या एका पोराने चार दिवस बसून हिरव्यागार घडाचं चित्र केलं. जलरंग, सालीवर पाण्याचे थेंब, सगळं. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. भिंतीवर लागलं, तीन-चार जण रंगावर बोलले. मग यावलकडची एक पोरगी, एरवी वर्गात हिचा आवाज ऐकू येत नाही, उठून भिंतीपाशी गेली. तिने हात खांद्यापासून खाली सोडला आणि बोटं वरच्या बाजूला वळवली. म्हणाली, "घड असा लटकतो. केळी वरती वळतात. याने झुंबर काढलंय."

हशा झाला. पण ती थांबली नाही. पेटीत अख्खा घड जातच नाही, फण्या कापून, धुऊन, पिशवीत घालून भरतात, मग पेटीवर घड कशाला? फणी कुठे धरायची, चीक कुठून गळतो, डाग कुठे पडतो, पाच मिनिटं ती बोलत होती. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी मी आधी लेआउटवर बोललो असतो तर झुंबर छापून गेलं असतं.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल जाहिरात करतोय. पोरांकडून पोरांकडे चूकही तितक्याच वेगाने जाते. गेल्या वर्षी वर्गातल्या सगळ्यांत हुशार पोराने शोध लावला की काळा "खरा काळा" हवा असेल तर छपाईच्या शाईचे चारही रंग शंभर-शंभर टक्के टाकायचे. महिनाभरात सगळा वर्ग तसंच करायला लागला. मला पत्ताच नाही. मग एकीच्या चुलतभावाची लग्नपत्रिका ऑफसेटवर गेली. एवढी शाई वाळेना. खालच्या पत्रिकेतला गणपती वरच्या पत्रिकेच्या पाठीवर उमटला आणि बारीक अक्षरांना निळ्या-लाल कडा आल्या. प्रेसवाल्याने माझ्या नावाने जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मार्कही एकदा पोरांनाच द्यायला लावले होते. सगळ्यांना दहापैकी आठ. दोघांना पाच, त्या दोघांची कुणाशी भांडणं आहेत ते मला आधीच ठाऊक होतं. मार्क बंद केले.

एक नियम मात्र टिकलाय: हात मागे. ज्याला सॉफ्टवेअर येतं त्याने शिकवताना हात पाठीमागे बांधायचे. माऊस ज्याला येत नाही त्याच्याकडे. येणाऱ्याने फक्त बोलायचं. पहिल्या दिवशी पोरं अक्षरशः तळमळतात. "अरे तिथे नाही, वरती, वरती, डावीकडे... दे इकडे!" देणार नाही. पंधरा दिवसांत बोलणं सुधारतं.

तर जे लोक पोरांना कामावर घेतात त्यांनी सांगा, या सगळ्याचा उपयोग होतो का? की पालक म्हणतात तेच खरं?

---

सुकी_नदी

धागा वाचतोय. केळी वरती वळतात हे मला माहीत नव्हतं आणि मी भुसावळचा आहे. घरात कुणाला सांगू नका.

---

खोडरबर

निवृत्त कलाशिक्षक आहे, त्यामुळे थोडं कडू लिहिणार. आमच्या वेळी सर हातातला ब्रश काढून घ्यायचे, दोन फटकारे मारायचे आणि पुढच्या डॉंकीकडे (म्हणजे चित्र काढायला बसायचं बाकडं) जायचे. त्या दोन फटकाऱ्यांत वर्षाचं शिक्षण असायचं. आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवायचा हा प्रकार मला पटत नाही. तुमच्या काळ्या शाईच्या किश्श्यातून तेच सिद्ध होतं.

आणि चाळीसगावच्या छायाचित्रकार केकी मूसांनी कुठल्या भिंतीवर टाचण्या लावल्या होत्या? स्टेशनजवळच्या त्या घरात माणूस वर्षानुवर्षं स्वतःला कोंडून बसला, टेबलावर मांडामांड करून फोटो काढले, ३१ डिसेंबर १९८९ ला तिथेच गेला. कलावंत एकटाच घडतो.

---

गेरू

खोडरबर सर, काळ्या शाईची चूक माझी आहे, पोरांची नाही. मी मागच्या बाकावर बसतो म्हणजे झोपायला बसत नाही, पण त्या महिन्यात झोपलो होतो. आता दर महिन्याला एक तास "या महिन्यात कुणी कुणाला काय शिकवलं" एवढंच विचारतो. चुकीच्या युक्त्या तिथे सापडतात.

मूसांबद्दल आदर आहेच. पण माझ्या २२ पोरांपैकी २१ जणांना पहिल्या तारखेला पगार हवाय. मूसांना तो नको होता.

---

लेणीवेडा

सर, एकटाच घडतो म्हणता, तर आपल्याच बाजूचं उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या भिंतींच्या नकला करायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून जॉन ग्रिफिथ्स आले ते विद्यार्थ्यांना घेऊन. १८७२ ते १८८५, मधे खंड पडत पडत, ते काम चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. एक माणूस ते करूच शकला नसता. शेजारच्याने काढलेला चेहरा आपल्याशी जुळतोय का हे बघत बघतच ते पुढे सरकलं असणार. लंडनला पाठवलेल्या बऱ्याच नकला १८८५ च्या आगीत जळाल्या, उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड निघाले. आणि मुळात लेणी रंगवणारे तरी एकेकटे होते का? एकेका भिंतीवर किती हात चाललेत ते नीट बघितलं तर दिसतं.

---

सुकी_नदी

अवांतर: अजिंठा खान्देशात नाही, संभाजीनगर जिल्ह्यात आहे.

---

लेणीवेडा

जिल्हा त्यांचा, स्टेशन आमचं. उतरतात जळगावलाच.

---

रोल_टू_रोल

धुळ्यात माझं फ्लेक्स आणि ऑफसेटचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. कामावर घेणाऱ्यांनी सांगा म्हणालात म्हणून लिहितो. भो, पोर्टफोलिओ मी नंतर दखस, पहिले फाईल उघडाले लावस. (पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर रागावतील.)

नवीन पोरांसाठी माझ्याकडे एक खास फाईल ठेवलेली आहे. वाढदिवसाचा दहा बाय वीसचा बॅनर. त्यात मी मुद्दाम घाण करून ठेवली आहे. मुख्य फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला, दाबून बारीक झालेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं तरी गिऱ्हाईक ऐकत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात आणि फॉन्ट कर्व्ह केलेला नाही (अक्षरांची चित्रं करून ठेवलेली नाहीत), म्हणजे दुसऱ्या मशीनवर उघडलं की भाऊंच्या नावाच्या जागी कचरा. तारीख वरती १२, खाली २१. शुभेच्छुकांत एकाच माणसाचं नाव दोनदा. आणि मोठ्या साहेबांचा फोटो छोट्या भाऊंपेक्षा लहान, हे धुळ्यात चालत नाही. पोराला सांगतो, अर्ध्या तासात छपाईला तयार कर.

जो अर्ध्या तासात चकाचक करून आणतो, तारीख न विचारता, त्याला चहा पाजून घरी पाठवतो. सॉफ्टवेअर त्याला भारी येत असतं, प्रश्न तो नाही. जो दहाव्या मिनिटाला उठून येतो आणि "दादा, यातली तारीख कोणती खरी?" विचारतो, त्याला ठेवतो. दोनशे स्क्वेअर फुटाचा बॅनर चुकीच्या तारखेने छापला की तो माझ्या खिशातून जातो, आणि वर गिऱ्हाईक जातं ते वेगळंच.

आता मुद्दा. 'माले समजनं नई' एवढी तीन अक्षरं... बरं तीन शब्द, पोरं कॉलेजात म्हणायला शिकतच नाहीत. सरांसमोर म्हटलं तर सर ओरडतील, पोरांसमोर म्हटलं तर पोरं हसतील. तुमच्या बुधवारी ते म्हणायची सवय लागत असेल तर त्या पालकांना म्हणावं फी वसूल. लागत नसेल तर नुसत्या टाचण्यांचा खर्च.

जाता जाता: केळीच्या पेटीवर तुमच्या पोराने कोपऱ्यात जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह टाकलं नव्हतं ना? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं तेव्हापासून जो तो ते चिकटवायला सांगतो. ते नोंदणी झालेल्या वापरकर्त्यालाच लावता येतं. छापण्याआधी मी कागद मागतो.

---

गेरू

टाकलं होतं. "रिकामा कोपरा भरायला." २२ जणांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासकट. शिकलो.

---

पाचची_एसटी

मी याच प्रकारच्या कॉलेजातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडले. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

पोरं एकमेकांकडून शिकतात हे खरं आहे, पण कुठे शिकतात ते कुणी लिहिलं नाही. मुलांच्या खोलीवर. रात्री. अकरा वाजता शेवभाजी, मग एका लॅपटॉपभोवती सहा जण. सकाळी वर्गात आले की त्यांना काहीतरी नवीन यायचं आणि आम्ही मुली एकमेकींकडे बघत बसायचो, कारण आम्ही पाचच्या एसटीने धरणगाव, पाचोरा, एरंडोल अशा आपापल्या गावी गेलेलो असायचो. कुणी आम्हाला मुद्दाम वगळलं नव्हतं. आम्ही तिथे नव्हतोच.

फक्त सॉफ्टवेअर नाही. कामाचा भाव काय सांगायचा हे पण तिथेच ठरायचं. माझ्याबरोबरचे दोघे लोगोला अमुक घ्यायचे, दुरुस्त्या दोनच, तिसऱ्या दुरुस्तीचे वेगळे पैसे, अर्धे पैसे आधी. हे त्यांना सिनियरने खोलीवर सांगितलं होतं. मी पहिला लोगो ३०० रुपयांत दिला आणि सतरा वेळा बदलून दिला. सतरा. शेवटी त्यांनी पहिलाच वापरला.

म्हणून बुधवार कॉलेजच्या वेळेत आहे हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सर, शक्य असेल तर एखादा बुधवार चित्रांना न देता भावाला द्या. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकीने भाव सांगायचा, बाकीच्यांनी बघायचं ती कुठे मागे सरते. मला कुणी हे आधी एकदा करायला लावलं असतं तर सतरापैकी पंधरा वेळा वाचल्या असत्या.

---

मेणाचा_मणी

पाचची_एसटी, +१००. मी जळगावात दागिन्यांचं डिझाइन करते, कॉम्प्युटरवर. सराफ बाजारात आले तेव्हा मला सॉफ्टवेअर येत होतं आणि सोनं काडीचं कळत नव्हतं. शेजारी बंगाली कारागीर बसायचा, त्याला सोनं हाताला कळायचं आणि माऊसला हात लावायला भीती वाटायची. आमचं ठरलं: जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तू मला, अर्धा तास मी तुला.

पहिल्याच आठवड्यात त्याने माझं कानातलं हातात घेतलं, म्हणजे मेणाचं, मशीनवरून निघालेलं (त्यावरूनच पुढे सोन्यात ओततात). वजनकाट्यावर ठेवलं. एक ग्रॅम. मी खूश, नाजूक झालं. तो म्हणाला, "सोन्यात किती होईल?" मला कुठे माहीत. बावीस कॅरेटचं सोनं त्या मेणाच्या साधारण सतरा-अठरा पट जड. म्हणजे एका कानात जवळपास सतरा ग्रॅम! कान तुटेल बाईचा, आणि गिऱ्हाईकाने सांगितलं होतं जोडी दहा ग्रॅमच्या आत. मग त्याने मागची बाजू पोकळ कशी करायची, पण कुठे पोकळ करायची नाही, नाहीतर पॉलिशला धरल्यावर दबतं, हे नखाने मेणावर रेघ मारून दाखवलं. ती रेघ मी स्क्रीनवर काढायला शिकले.

हे कॉलेजात होऊ शकलं नसतं असं मी म्हणत नाही, पण त्यासाठी दोघांना वेगवेगळं काहीतरी यावं लागतं. सगळ्यांना सारखंच अर्धवट येत असेल तर एकमेकांना काय देणार? गेरू सरांच्या वर्गात केळीवाल्या घरातली पोरगी होती म्हणून जमलं. माझ्या मते वर्गात कुणाच्या घरी काय चालतं याची यादी पहिल्याच दिवशी करावी. शिवणकाम, सुतारकाम, चटईचा कारखाना, बँड, काहीही.

---

ताना_बाना

चटईचं नाव निघालं म्हणून. एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. डिझाइनवाली पोरं येतात, स्क्रीनवर मोर दाखवतात, मोराच्या मानेत निळ्यातून हिरवा असा हळूहळू विरघळणारा रंग. मी म्हणतो बाबा, मागावर पट्टी एकतर निळी आहे नाहीतर हिरवी. विरघळत नाही. चौकडीच्या कागदावर काढून आण. दहापैकी दोन परत येतात.

---

दोन_पिक्सेल

मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात अॅप डिझाइनच्या कंपनीत. आमच्याकडे रोज सकाळी बरोब्बर गेरू सरांचा बुधवार असतो, फक्त भिंतीऐवजी स्क्रीन. चांगल्या कॉलेजांतून आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात रडू येतं, कारण त्यांचं काम तोवर कुणी त्यांच्यासमोर फाडलेलं नसतं. माझं आमच्या भूगोलाच्या मास्तरांनीच इतकं फाडलं होतं की मला काही वाटलं नाही, तो भाग वेगळा.

मुलाखतीत आम्ही दोन प्रश्न हमखास विचारतो: या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तू नक्की काय केलंस? आणि तुझ्या जोडीदाराने तुझं कुठलं मत बदललं? दुसऱ्या प्रश्नावर निम्मे गप्प होतात. एकाच बॅचच्या चार पोरांच्या पोर्टफोलिओत तेच प्रोजेक्ट, तेच शब्द, आणि चौघंही म्हणतात "मी लीड केलं". सर, त्या चिठ्ठ्या फेकू देऊ नका. कुणी काय विचारलं आणि त्यानंतर काय बदललं, हे पोर्टफोलिओत एका पानावर लावलं तर ते पान आम्ही सगळ्यांत आधी वाचू.

एक युक्ती देतो, आयती आहे. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये वर्गात सुरू केली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. "आधी एकट्याने" हे महत्त्वाचं, नाहीतर मोठ्या आवाजाचा पोरगा जिंकतो. भिंतीसमोर बोलायच्या आधी दोन मिनिटं सगळ्यांनी आपापलं कागदावर लिहावं. तुमची यावलकडची पोरगी पहिल्या दिवसापासून बोलली असती.

---

केळीवाला_बाप

गेटवर गाठणारा मी नाही, पण असतो तरी चाललं असतं.

माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या कॉलेजात. तिला चांगलं येतं. परिणाम काय? सबमिशनच्या आदल्या रात्री चार जणांचं काम ती करते. मैत्रिणी आहेत, नाही म्हणता येत नाही. सर म्हणतात, बघा किती छान, मुली एकमेकींना मदत करतात. तिचं स्वतःचं काम पहाटे चारला सुरू होतं. तिला कमी मार्क पडले, त्या चौघींना जास्त. याला तुम्ही शिकणं म्हणता का?

---

गेरू

नाही म्हणत. तुमचा राग योग्य जागी आहे. "हात मागे" हा नियम खरं तर अशाच एका पोरामुळे आला. त्याचा लॅपटॉप सगळ्यांत चांगला, म्हणून तो वर्गाचा फुकटचा नोकर झाला होता. दिवाळीनंतर कॉलेजला यायचाच बंद झाला. घरी गेलो तर आई म्हणाली, "पोरं येतात, बसतात, हा काम करतो, ते मोबाईल बघतात." तो परत आला, पण मला ते आधी दिसायला हवं होतं.

तुमच्या मुलीला सांगा, मदत करायची तर हात मागे. जिला नको असेल ती आपोआप उठून जाते.

---

सातपुड्याचा_मास्तर

उशिरा लिहितोय, इथे नेटवर्क टेकडीवर येतं.

धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत चित्रकला शिकवतो. अंशकालीन. तुमच्यासारखं कॉलेज नाही, माझ्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी पोरं. पण धाग्यातलं सगळं इथेही आहे, लहान आकारात.

वस्तुचित्रात तांब्याचं तोंड. दरवर्षी तीच अडचण. पोरांना माहीत असतं की तोंड गोल आहे, म्हणून ती गोल काढतात. मी फळ्यावर लंबगोल काढून तोंड दुखेपर्यंत सांगितलं, डोळ्याची पातळी, अमुक तमुक. माना डोलवतात, गोल काढतात. मला पावरी, म्हणजे पोरांची बोली, फारशी येत नाही, तेही एक.

गेल्या वर्षी इंटरमिजिएट झालेला नववीतला एक पोरगा माझ्या मागे उभा होता. स्वयंपाकघरातून जेवणाचं ताट घेऊन आला. पाचवी-सहावीच्या पोरांना ओळीने बसवलं आणि ताट डोक्याच्या वर आडवं धरलं. पावरीत काहीतरी विचारलं. पोरं ओरडली. मग ताट हळूहळू खाली, नाकासमोर. तिथे थांबला. ताटाची नुसती रेघ दिसत होती. पोरं गप्प. मग आणखी खाली, गुडघ्यापर्यंत, तसं ताटाचं पोट फुगत गेलं. एकेकाला उठवून ताट धरायला लावलं. त्या दिवसानंतर तांब्याची तोंडं सुधारली. मी त्याला विचारलं, तू काय सांगितलंस त्यांना? म्हणाला, "काही नाही सर. मी विचारलं, आता ताटात भाजी वाढली तर दिसेल का?"

हा पोरगा पुढे कुठे नोकरीला लागेल मला माहीत नाही. दहावीनंतर बहुतेक गुजरातला ऊसतोडीला जाईल, नाहीतर माझ्या नशिबाने एखाद्या आयटीआयला. पण कुणाला काय दिसत नाहीये हे त्याला दिसतं. दुकानवाल्या दादांनी 'समजलं नाही' म्हणण्याबद्दल जे लिहिलंय त्याच्या उलट्या बाजूचं हे काम आहे.

---

खोडरबर

मास्तर, ते ताट मी पस्तीस वर्षांत एकदाही उचललं नाही. आम्ही फळ्यावर लंबगोलच काढत बसलो.

माझा मुद्दा सोडलेला नाही. दोन फटकारे मारणारा माणूस वर्गात लागतोच. पण भाजीचं वाचून थोडा वेळ गप्प बसलो.

---

रोल_टू_रोल

मास्तर, तो पोरगा दहावी झाला की मला कळवा. राहायची सोय दुकानाच्या वर आहे. ऊसतोडीपेक्षा बरं. मशीनवर नाही, आधी काउंटरवर बसवीन, गिऱ्हाईकाला काय दिसत नाहीये ते बघायला.

गेरू सर, माझी ती घाणीची फाईल तुम्हाला देतो. पण एका अटीवर, पोरांना चुका किती आहेत ते सांगायचं नाही. आणि आपसांत ठरवून एकच दुरुस्त फाईल सगळ्यांनी आणली तर मला कळतं, हे पण सांगायचं नाही.

---

गेरू

आणा. पुढच्या बुधवारी या, तुम्हीच गिऱ्हाईक व्हा. पाचची_एसटी, तुम्हालाही जमत असेल तर या, भावाचा तास तुम्ही घ्या. तीन वाजता सुरू करतो, पाचच्या आत संपतं.

त्या पालकांना परवा फोन केला. म्हटलं, या एकदा, मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसा. म्हणाले बघतो, बुधवारी बाजार असतो.

---

रोल_टू_रोल

येतो. फाईलबरोबर बॅनर पण छापून आणू का, चुकांसकट? दहा बाय वीस आहे. तुमची भिंत पुरेल?

---

गेरू

भिंत बारा फुटांची आहे. कॉरिडॉरमध्ये लावू. शिडी शिपायाकडून मागून ठेवतो.